डॅन्यूबकाठी हरवलेला करंडा

१

करंडा गेला तो अंगारकीच्या दिवशी, ऑस्ट्रियातल्या ड्युर्नस्टाईन नावाच्या गावी. आणि डॅन्यूब नदीवरची जहाजाची सफर संपवून मंडळी सिंगापूरला परत येईपर्यंत चोरही ठरून गेला होता. चोर म्हणजे प्रणिता.

अरुणाबाईंना हे कळलं ते सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. त्या मुलाकडे, धवलकडे, तीन महिन्यांसाठी सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात आल्या होत्या, आणि धवलने त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून त्या ग्रुपात घातलं होतं. एरवी तिथे मोदकांचे फोटो आणि सुप्रभात. त्या गुरुवारी मात्र निमिषचा मेसेज आला: ‘घरात भाड्याने मुली ठेवताना सावध राहा. क्रूझवर आमच्या आईची चांदीची वस्तू तिच्याच खोलीतून गेली. जिच्यावर विश्वास टाकला तिनेच दगा दिला.’ नाव घेतलं नव्हतं, पण निमिषच्या आईकडे, वुडलँड्सच्या नंदाकडे, एकच मुलगी भाड्याने राहत होती, प्रणिता. नाव घेऊन आणखी काय झालं असतं?

अरुणाबाईंनी साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि चौतीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा केला होता. कॉपी करणारी मुलं त्यांनी ढिगानं पकडली. पण त्यांची झोप उडवणारी आठवण होती ती भलतीच. एकदा त्यांनी चुकीच्या मुलीला वर्गाबाहेर काढलं होतं. ती मुलगी पुन्हा शाळेत आलीच नाही. तेव्हापासून ‘चोर सापडला’ असं कुणी घाईनं म्हटलं की बाईंच्या कपाळावर आठी पडायची.

शुक्रवारी सकाळी त्या एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, वुडलँड्सला गेल्या. नंदा त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. नवऱ्याबरोबर वीस वर्षांपूर्वी सिंगापूरला आली आणि इथलीच झाली. नवरा ज्ञानेश्वर, धरणांचा इंजिनीअर, साडेपाच वर्षांपूर्वी गेला.

“केवढा होता गं करंडा?” अरुणाबाईंनी बसल्या बसल्या विचारलं.

“कुंकवाचा असतो ना, सुपारीएवढा. तेवढाच.” नंदाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “चांदीचं काय घेऊन बसलीस, अरुणा! त्यात हे होते.”

“हे म्हणजे?”

“यांच्या अस्थींची राख. चिमूटभर. बाकी सगळं मी रीतसर समुद्रात सोडलं. पण जन्मभर नद्यांची चित्रं बघितली माणसानं, डॅन्यूब बघायची राहिली म्हणून हळहळत गेला. म्हटलं, चिमूटभर तरी नेऊन सोडीन. निमिषला सांगितलं नाही. त्याला असलं चालत नाही, घरात राख ठेवलीस म्हणून ओरडला असता. फक्त प्रणिताला माहीत होतं. मला सोबत म्हणून तिला नेलं होतं, खोलीत आम्ही दोघी होतो ना!”

“आणि तू त्या दिवशी सोडणार होतीस?”

“अंगारकीचा उपास होता. संध्याकाळी डेकवर जाऊन सोडायचं ठरवलं होतं. आदल्या रात्री पेटीतून काढून पूजेच्या पिशवीत ठेवला. सकाळी आम्ही सगळे गाव बघायला उतरलो. प्रणिता तेवढी मधेच एकटी परतली, बाकी आम्ही चारला आलो. पिशवी कपाटात जिथल्या तिथे, आणि करंडा नाही!” नंदाचे डोळे भरले. “प्रणिता तसली नाही गं. पण पोटचा मुलगा छातीठोकपणे सांगतो, मी काय बोलणार? रविवारी खोली सोड म्हणून सांगितलंय त्यानं तिला.”

आतल्या खोलीत प्रणिता पुस्तकं खोक्यात भरत होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, विद्यापीठात संशोधन करणारी, सोलापूरची मुलगी. अरुणाबाई दारात उभ्या राहिल्या तरी तिचे हात थांबले नाहीत.

“बसा, मावशी. तुम्हीही विचारा, कुठे ठेवलास म्हणून.”

“मी तसं विचारणार नाही. दुपारी एकटी जहाजावर का परतलीस, ते सांग.”

“माझ्या पेपरची दुरुस्ती त्या दिवशी पाठवायची होती. जहाजावर वायफाय होतं. साडेअकराला परतले, खोलीत बसून काम केलं. कपाटाला हातही लावला नाही.” तिने खोक्याला चिकटपट्टी लावली. “चोआ चू कांगला एका बाईंकडे खोली ठरली होती. काल त्यांचा फोन आला, आता जमणार नाही म्हणून. मला खोलीचं एवढं वाटत नाही, मावशी. माझ्या आईच्या कानावर हे कुणाच्या तरी तोंडून जाईल, त्याची भीती वाटते.”

आज शुक्रवार. रविवार परवावर आला होता.

२

“मावशी, यात तपास करण्यासारखं काही उरलेलंच नाही,” निमिष म्हणाला. संध्याकाळी ऑफिसातून आला तोच, गळ्यातली ओळखपत्राची पट्टी अजून तशीच होती. त्याचा फ्लॅट धवलच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये, त्यामुळे अरुणाबाई चपला न बदलताच आल्या होत्या.

“नसू दे. मला रिटायर बाईला वेळ घालवायचाय. सांग.”

निमिष मोठ्या बँकेत मॅनेजर. त्याने बोटांवर मोजत मुद्दे मांडले. “आईच्या खोलीची दोन कार्डं. एक आईच्या पर्समध्ये, एक प्रणिताकडे. जहाजातून उतरताना प्रत्येकानं फळ्यावरून आपला बिल्ला काढून न्यायचा आणि परतल्यावर टांगायचा, म्हणजे कोण मागे राहिलं ते कळतं. आमचे सगळ्यांचे बिल्ले चारला टांगले गेले. तिचा साडेअकराला. साडेचार तास ती खोलीत एकटी. आणि करंड्याचं आईनं फक्त तिलाच सांगितलेलं. मला माझ्याच वडिलांचं सांगितलं नाही, तिला सांगितलं!”

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फाटला, आणि अरुणाबाईंच्या लक्षात आलं की याचा राग चांदीचा नाही. परक्या मुलीला कळलं आणि आपल्याला नाही, हे त्याला झोंबलं होतं. रागावलेल्या माणसाची बेरीज नेहमी त्याला हवी तीच येते.

“पिशवी त्या सकाळी खोलीबाहेर गेली नव्हती?”

“आईलाच विचारा. ती सांगते, गेलीच नाही.”

अनघा, निमिषची बायको, चहा घेऊन आली. कप ठेवताना बशीत चहा सांडला. ती पुसायला फडकं आणते म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही.

“फोटो काढले असशील ना रे? दाखव बघू. ऑस्ट्रिया मी नकाशात शिकवलाय, डोळ्यांनी कुठे बघितलाय!”

निमिषचा चेहरा जरा सैल झाला. लॅपटॉप उघडून तो हौसेनं दाखवायला लागला. नदीच्या काठावरचा निळा मनोरा, डोंगरावरचा पडका किल्ला, द्राक्षांचे मळे. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत वेळ उमटलेली. पाच वर्षांची मधुवंती, त्यांची लेक, तिच्या टोपीसकट जवळपास प्रत्येक फोटोत होती.

“हा कुठला?” अरुणाबाईंनी बोट ठेवलं. जहाज आणि काठ जोडणाऱ्या फळीवर मधू उभी, टोपी हातात. कोपऱ्यात वेळ तीन चाळीस.

“परत आलो तेव्हाचा असणार. चारच्या आधी.”

“कपाळावर काय लागलंय पोरीच्या? राखाडी?”

“मळ असेल, मावशी. दिवसभर हुंदडत होती.”

“बरं. आणि हा?” पुढच्या फोटोत सगळे एका हॉटेलच्या अंगणात बसलेले, मेजावर जर्दाळूंची टोपली, मधूचं कपाळ स्वच्छ, पुढचे केस ओले. वेळ सात वाजून पाच मिनिटं.

“जेवणाचा.”

“संध्याकाळी सातला जेवलात? चारला तर जहाजावर परतला होतात म्हणालास.”

निमिष गोंधळला. “नाही, दुपारी जेवलो. मग ही वेळ... तिकडे उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, लक्षातच आलं नाही कधी.”

“उजेड असू दे नऊपर्यंत. पण सावली बघ.” अरुणाबाईंच्या आवाजात फळ्यापुढची धार आली. “खुर्चीची सावली खुर्चीच्या पायाशी गोळा झालीये. सूर्य डोक्यावर आहे. साताऱ्याच्या सातवीतल्या पोरानंही सांगितलं असतं, ही भर दुपार आहे म्हणून. तुझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ, निमिष, युरोपला गेलंच नाही. ते सिंगापुरातच राहिलं.”

“सहा तास पुढे...” निमिष पुटपुटला.

“म्हणजे जेवण दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी. आणि तो फळीवरचा फोटो?”

“सकाळी नऊ चाळीस. आम्ही उतरत होतो, परतत नव्हतो.”

“मग पोरगी आंघोळ करून, दिवसाची सुरुवात करून बाहेर पडतेय. हुंदडायच्या आधीच मळ कुठून आला रे?”

निमिषला त्या मळाचं एवढं काय ते कळलं नाही. अरुणाबाईंना कळलं होतं. चहा गार झाला होता, तरी त्यांनी तो एका घोटात संपवला.

३

रात्री त्यांनी नंदाला फोन लावला.

“पूजेच्या पिशवीत काय काय नेलं होतंस? नीट आठव.”

“हळद, कुंकू, अक्षता, सुपारीचा गणपती, छोटी घंटा.”

“अंगारा?”

“नाही गं. देवळातला अंगारा संपलाय गणेशजयंतीपासून.”

“आणि पिशवी त्या सकाळी खोलीबाहेर गेली नव्हती?”

“नाही म्हटलं ना! कितीदा तेच?”

अरुणाबाईंनी मग जास्त ताणलं नाही. वर्गात उभं राहून त्यांना एक गोष्ट कळली होती. लोक खोटं क्वचित बोलतात. रोज घडणारी गोष्ट मात्र ते सांगायलाच विसरतात, कारण ती त्यांच्या लेखी घडलेलीच नसते.

शनिवारी सकाळी मधुवंती ब्लॉकखालच्या घसरगुंडीवर होती, आणि अनघा बाकावर फोनमध्ये डोकं घालून. अरुणाबाई मधूपाशी गेल्या.

“काय गं, बोटीवर आजीचा बाप्पा होता का?”

“Have!” मधू उलटी घसरगुंडी चढत आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “आजीच्या room मध्ये window so small, बाप्पा cannot see. So every morning I carry to Mummy's room. My job, lah.”

“रोज?”

“Every day! Then I carry back. आजी give me one खडीसाखर.”

“आणि ड्युर्नस्टाईनला, जर्दाळू खाल्ले त्या दिवशी?”

“Also. But that day Mummy put powder here.” तिने कपाळावर तीन बोटं ओढली. “Itchy! So I wash in the river. Got small stones there. I wash until all gone.”

अरुणाबाई बाकाकडे वळल्या. अनघा उभी राहिली होती. तिने ऐकलं होतं.

४

“बस,” अरुणाबाई म्हणाल्या. “मी ओरडायला आलेले नाही.”

अनघा बसली नाही, कोसळली म्हणायला हवं.

“मी सांगते, चुकलं तर थांबव. नंदा म्हणते पिशवी खोलीबाहेर गेली नाही. तिच्या मते खरंच आहे ते. नातीनं देव सुनेच्या खोलीत नेले, यात बाहेर काय गेलं? घरातल्या घरात तर गेले. निमिषलाही तसंच वाटतं. बिल्ले, कार्डं, साडेचार तास, सगळं मोजलं त्यानं, पण घरच्यांकडे बघायचं सुचलंच नाही. सगळे दुपारचा चोर शोधत होते आणि करंडा सकाळी साडेनऊच्या आधीच निघाला होता. पिशवीत अंगारा नव्हता, तरी मधूच्या कपाळावर राख होती. त्या पिशवीत राख एकाच ठिकाणी होती.”

“तिला ताप होता, मावशी.” अनघाचा आवाज जेमतेम येत होता. “आदल्या रात्री. परका देश, जहाजावर डॉक्टर नाही, निमिष झोपलेला. रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसले. मी कधी देव-देव करत नाही, हसते मी आईंना. पण त्या रात्री गणपतीला म्हटलं, हिला बरं कर. सकाळी जरा उतार पडला म्हणून उतरायचं ठरलं. मधू पिशवी घेऊन आली. उघडली तर चांदीचा करंडा, आत राख. अंगारकीच्या दिवशी! मला वाटलं आईंनी अंगारा आणलाय. मी तीन बोटं भरून लावला, होता नव्हता तेवढा. तेवढ्यात निमिषनं वरून हाक मारली, मधू पिशवी घेऊन पळाली आणि करंडा माझ्या हातातच राहिला. पर्समध्ये टाकला. संध्याकाळी देईन म्हटलं.”

“आणि संध्याकाळी कळलं त्यात काय होतं ते.”

“आई रडत रडत सांगत होत्या, यांच्या अस्थी होत्या म्हणून. मी उभीच्या उभी गार पडले. मढ्याची राख, मावशी! आजारी लेकराच्या कपाळाला, सणाच्या दिवशी, मी माझ्या हातानं फासली. आणि आईंचा माणूस मी पुसून टाकला. कसं सांगणार होते? त्यात निमिष प्रणिताची बॅग उपसायला लागला. वाटलं, सापडणार नाही, विषय संपेल. पण तो संपेचना. रोज सकाळी वाटतं आज सांगू, आणि रोज कालच्यापेक्षा जड होतं.”

अरुणाबाईंना तिची दया आली. पण वुडलँड्सला एक मुलगी पुस्तकं खोक्यात भरत होती.

“मी सांगितलं तर तू पकडली गेलेली ठरशील,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलंस तर तू सांगणारी ठरशील. तुझ्या सासूला मी पन्नास वर्षं ओळखते, तरी ती काय करील ते मला सांगता येत नाही. पण प्रणिताकडे उद्यापर्यंतच वेळ आहे. करंडा कुठाय?”

अनघाने पर्स उघडली. इतके दिवस तो तिच्याच खांद्याला लटकत होता.

५

निमिषला फक्त ‘आईकडे जाऊ’ एवढंच सांगितलं, मधूलाही बरोबर घेतलं. चोआ चू कांग ते वुडलँड्स, सगळा रस्ता अनघा एमआरटीच्या डब्यात दांड्याला धरून उभी होती. बसायला जागा होती तरी.

नंदाने दार उघडलं. प्रणिताची दोन खोकी आणि एक बॅग पॅसेजमध्ये मांडून ठेवली होती, आणि प्रणिता स्वतः आतल्या दाराशी उभी होती. आता आणखी काय ऐकावं लागणार, असा तिचा चेहरा.

अनघाने चपला काढल्या आणि करंडा नंदाच्या ओंजळीत ठेवला. मग तिने सांगितलं. ताप, राख, तीन बोटं, पर्स. मध्ये निमिष दोनदा “काय?” म्हणाला, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. सांगून झाल्यावर ती सासूच्या पायाशी बसून राहिली.

नंदाने झाकण उघडलं. आत काही नव्हतं, कडेला थोडी करडी रेघ.

“सगळं लावलंस?”

“हो.”

“हिच्या कपाळाला?”

“हो, आई.”

नंदा त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. खालून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू आली. उभ्या जन्मात अरुणाबाईंनी निकालाची इतकी धास्ती घेतली नव्हती.

“उतरला का गं ताप?” नंदाने विचारलं.

अनघाने वर पाहिलं. “दुपारपर्यंत पूर्ण उतरला. पुन्हा आलाच नाही.”

“मग रडतेस कशाला?” आणि नंदा स्वतःच रडायला लागली. “नातीचं नाव त्यांनीच ठरवलं होतं, मुलगी झाली तर मधुवंती म्हणून. तोंड बघायला मिळालं नाही. सहा महिने कमी पडले. पोरगी तापानं फणफणली तेव्हा आजोबानं कपाळावर हात ठेवला, यात अशुभ काय आहे? ये गं इकडे, मधू. तू तोंड कुठे धुतलंस?”

“In the river. The big one.”

“म्हणजे पोचले ते. मी डेकवरून कुठेतरी भिरकावलं असतं, हिनं आपल्या हातानं सोडलं.” नंदाने डोळे पुसले, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग तिची नजर पॅसेजमधल्या खोक्यांकडे गेली. “माझं तर सगळं झालं. हिचं काय?”

निमिष खाली मान घालून उभा होता. छातीठोक बोलणारा माणूस इतका लहान दिसू शकतो हे अरुणाबाईंनी पूर्वीही वर्गात पाहिलं होतं. तो दोन पावलं पुढे आला.

“प्रणिता, मला माफ कर. मी... खोली सोडू नकोस.”

“खोलीचं नंतर बघू, दादा,” प्रणिता म्हणाली. आवाज शांत होता. “तुम्ही दीडशे लोकांसमोर बोललात. माफी इथे पाच जणांत नको.”

निमिषने मुकाट्याने फोन काढला. ‘गैरसमज झाला होता’ एवढं लिहून त्याने तिच्यापुढे धरलं.

“गैरसमज नव्हता,” ती म्हणाली. “आरोप होता.”

तो खोडायला लागला. कसं लिहावं ते त्याला जमेना. तेव्हा अनघा उठली. पदर-ओढणी काही नव्हतं, तिने टीशर्टच्या बाहीलाच नाक पुसलं आणि स्वतःचा फोन काढला. लिहिताना ती शब्द मोठ्याने म्हणत होती, कदाचित मागे फिरता येऊ नये म्हणून: “सासूबाईंचा करंडा पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होता. मी घाबरून गप्प बसले. प्रणितानं काहीही घेतलेलं नाही. तिच्याबद्दल कुणी काही बोललं असेल तर ते माझ्यामुळे. अनघा.”

“लोक तुला नावं ठेवतील,” निमिष हळूच म्हणाला.

“ठेवू देत. आतापर्यंत तिला ठेवलीच ना!” तिने बटण दाबलं.

घरातले सगळे फोन एकामागोमाग वाजले. अरुणाबाईंचा पिशवीत, नंदाचा टीव्हीजवळ, निमिषचा हातातल्या हातात. प्रणिताने आपला उघडून मेसेज वाचला, मग पुन्हा वाचला. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारी ती मुलगी तिथेच खोक्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. तिच्याजवळ सगळ्यांत आधी पोचली ती अनघा.